डर्बीचा घोडा कसा बघायचा? पॅडॉक, फॉर्म आणि पाय

रेलिंगलगत

डर्बी जवळ आली की वर्षभर रेसकोर्सकडे न फिरकणारेही फोन करतात, "यंदा कोण?" या धाग्यात त्याचं उत्तर नाही. टिप हवी असेल तर रेसबुक विकणाऱ्यापासून टॅक्सीवाल्यापर्यंत सगळे देतात, तीही फुकट. मला बोलायचंय ते घोडा बघण्याबद्दल. शर्यतीआधीच्या पंधरा-वीस मिनिटांत पॅडॉकच्या कठड्याशी उभं राहून समोरच्या जनावराबद्दल आपल्याला खरोखर काय कळू शकतं?

नव्या लोकांसाठी थोडी पार्श्वभूमी. इंडियन डर्बी महालक्ष्मीला, फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी. अंतर २४०० मीटर, फक्त चार वर्षांचे घोडे. कोल्टला (नर) ५७ किलो, फिलीला (मादी) ५५.५, म्हणजे दीड किलोची सूट. पहिली शर्यत १९४३ साली झाली आणि ती प्रिन्सेस ब्यूटिफुल या फिलीने मारली. इथे हँडिकॅप, म्हणजे चांगल्या घोड्यावर जास्त वजन लादणं, नाही. वजन समान असल्यामुळे जो त्या दिवशी खरा चांगला असेल तो जिंकतो, निदान अपेक्षा तरी तशी.

यातला 'चार वर्षांचा' हा शब्द जपून घ्यावा. आपल्याकडे सगळ्या घोड्यांचं वय १ जानेवारीला एका वर्षाने वाढतं. शिंगरू जानेवारीत जन्मलेलं असो की मेमध्ये. म्हणजे डर्बीत पळणाऱ्या बऱ्याच घोड्यांची चार वर्षं खऱ्या अर्थाने भरलेलीच नसतात. अंग अजून भरतंय, हाडं पक्की होतायत. डिसेंबरात २००० गिनीज या शर्यतीला पाहिलेला घोडा आणि फेब्रुवारीत समोर आलेला घोडा यांत खांदा, छाती, मागचा भाग सगळं बदललेलं असू शकतं, आणि बदल नेहमी चांगलाच असतो असं नाही.

आता मुद्दा. लोक पॅडॉकमध्ये 'देखणा' घोडा शोधतात. चकाकती कातडी, वाकवलेली मान, नाचरी पावलं. बऱ्याचदा तो नाचणारा घोडा शर्यत सुरू व्हायच्या आधीच अर्धी ताकद खर्च करून बसलेला असतो. घोड्याची तुलना शेजारच्या घोड्याशी करूच नका, त्याच घोड्याच्या मागच्या खेपेशी करा. माझ्या वहीत प्रत्येक मोठ्या शर्यतीआधी दोन ओळी असतात: चाल कशी, घाम कुठे, कान कुठे, धरायला एक मोतद्दार (घोडा सांभाळणारा) की दोन. नेहमी मांड्यांमध्ये फेस येणारा घोडा आजही फेसाळलेला असेल तर त्यात बातमी काही नाही. नेहमी कोरडा, झोपाळल्यासारखा चालणारा घोडा आज मानेपासून निथळतोय, ही बातमी. फेब्रुवारीतल्या दुपारी मुंबईत सगळ्यांनाच थोडा घाम येतो, हेही धरून चाला.

चालताना मी मागचा पाय बघतो. मोकळ्या घोड्याचं मागचं खूर पुढच्या खुराच्या ठशाच्या पुढे जाऊन पडतं. मागच्या वेळी चांगलं वीतभर पुढे पडणारं पाऊल आज ठशावरच पडत असेल तर पाठ, कंबर किंवा मागचा पाय, कुठेतरी काहीतरी आखडलंय. पोटही बघावं. कुशी आत ओढलेली, बरगड्यांमागे खड्डा, हे खूप कामाचं किंवा प्रवासाचं लक्षण. बरगड्या अंधुक दिसणं वेगळं. ती तयारी.

आणि पॅडॉकपेक्षा महत्त्वाचा स्टार्टकडे जातानाचा कँटर, म्हणजे हलकी दौड. तो बघायला कोणी थांबत नाही. तेव्हा सगळी गर्दी बुकींच्या रिंगणात भाव बघत असते.

तुम्ही काय बघता?

सुमेधा_के

मस्त धागा, वाचनखूण साठवली. मी मागच्या वर्षी पहिल्यांदा गेले, टोप्या आणि साड्या बघून परत आले. घोडे कुठे फिरवतात हेच शेवटच्या शर्यतीला कळलं :) एक बाळबोध प्रश्न: घोडा लंगडतोय हे आपल्यासारख्याला दिसेल का? की तसा घोडा तिथवर येतच नाही?

फॉर्मबुक

धागाकर्त्याच्या वहीबद्दल आदर आहे, पण पॅडॉक म्हणजे निम्मी अंधश्रद्धा. सगळ्यांना सगळं दिसतं, पण कधी? घोडा जिंकल्यावर. "बघितलं ना, कसला चमकत होता!" हरलेल्या घोड्याची चमक कोणी नोंदवत नाही.

डर्बीचा प्रश्न खरं तर कागदावर मांडता येतो. बहुतेक दावेदार गिनीजमधून येतात, म्हणजे १६०० मीटर. त्यात आता ८०० मीटरची भर. या ८०० मीटरचं उत्तर कातडीत मिळत नाही. ते बापात, आईच्या बापात आणि १६०० च्या शेवटच्या २०० मीटरमध्ये असतं. गिनीजला दोन लेंग्थने (घोड्याच्या लांबीने) जिंकलेला घोडा शेवटी मंदावत होता की पोस्टनंतरही (शेवटच्या खांबानंतरही) ओढत होता? दुसरा आलेला अंतर कापत होता का? मी शेवटच्या ६०० चा टाइम आणि पूर्ण टाइम शेजारी ठेवतो. आधीचे हजार मीटर रमतगमत गेले असतील तर शेवटचे ६०० सगळ्यांचेच भारी दिसतात. अशा शर्यतीतला विजेता म्हणजे वेगाचा घोडा, २४०० चा असेलच असं नाही. सेकंदाला साधारण सहा लेंग्थ धरतात, तेव्हा अर्धा सेकंद इकडेतिकडे झाला की तीन लेंग्थचा हिशेब बदलतो.

दुसरं, कोणाला हरवलं? चार लेंग्थने जिंकला पण मागचे सगळे नंतर कुठेच आले नाहीत, तर त्या चार लेंग्थला किंमत किती?

तिसरं, सकाळचं ट्रॅकवर्क. पेपरात येतं: '१०००/१:०६, ६००/३९, ईझी', 'मूव्ह्ड फ्रीली', 'पुश्ड', 'पेअर लेव्हल'. लोक नुसता आकडा वाचतात. आतला वाळूचा ट्रॅक की बाहेरचा, वर जॉकी होता की आरबी (सरावाला बसणारा रायडिंग बॉय), सोबत दुसरा घोडा होता का आणि तो कुठल्या दर्जाचा, हे बघितल्याशिवाय ३९ ला काही अर्थ नाही.

नाना_पुणे

फॉर्मबुक, तुमच्या हिशेबात जमीन नाही. आमच्याकडे पुण्याचा सीझन जुलैपासून, भर पावसात. कोर्स मऊ, कधी चिखल. तिथे पाचसहा लेंग्थने जिंकलेला घोडा नोव्हेंबरात मुंबईला उतरतो आणि फेब्रुवारीपर्यंत त्याला घट्ट जमीन लागते. काही घोड्यांना मऊ जमिनीतच सुख असतं, कारण त्यांचे पुढचे पाय दुखरे असतात! घट्ट कोर्सवर पाऊल आखडतं, हा फॉर्म गेला असं कागद म्हणतो. फॉर्म गेला नाही, पाय बोलू लागला. पेनेट्रोमीटरचं (जमिनीचा मऊपणा मोजायच्या यंत्राचं) रीडिंग जाहीर होतं, ते शर्यतीच्या टाइमशेजारी लिहून ठेवत जा.

धागाकर्त्याचं 'त्याच घोड्याशी तुलना' हे मात्र लाखातलं बोललात. +१.

अश्ववैद्य

पेशाने पशुवैद्य. आता गाई-म्हशीच जास्त, पण उमेदीची काही वर्षं स्टड फार्मवर गेली आहेत. सुमेधाताईंच्या प्रश्नाचं उत्तर देतो.

चालताना लंगड दिसली म्हणजे ती मोठीच आहे, आणि असा घोडा पॅडॉकपर्यंत येत नाही. त्याआधी पशुवैद्यकीय तपासणी असते. आपल्याला रस असतो तो बारीक दुखण्यात, आणि ते चालीत लपतं. ते दिसतं दुडकीत. दुडकीत तिरपे दोन पाय एकत्र पडतात, दोन ठोक्यांची सारखी लय असते, त्यामुळे फरक उघडा पडतो. पुढचा पाय दुखरा असेल तर तो टेकताना घोडा डोकं वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना डोकं खाली जातं. नवखे लोक नेमकं उलटं समजतात, डोकं खाली गेलेला पाय दुखरा म्हणतात. मागच्या पायाचं दुखणं बघायचं तर मागे उभं राहून कंबरेची दोन टोकं बघा. ज्या बाजूचं टोक जास्त वरखाली होतं तिकडे संशय.

यात एक सापळा आहे. दोन्ही पुढचे पाय सारखेच दुखत असतील तर डोकं हलतच नाही! कुठल्या पायावर भार टाळणार? मग घोडा फक्त आखूड, टकटक पावलं टाकतो. भाबड्या डोळ्याला तो नाजूक चालीचा वाटतो. घोड्याचं साठ टक्क्यांहून जास्त वजन पुढच्या पायांवर असतं आणि शर्यतीच्या घोड्याची बहुतेक दुखणी तिथेच, नळीच्या मागच्या टेंडनमध्ये आणि फेटलॉकच्या (घोट्याच्या) सांध्यात. टेंडनची सुरुवात डोळ्याला दिसत नाही, ती हाताला लागते. किंचित ऊब, किंचित जाडी. सकाळी तबेल्यात चारही पायांवरून हात फिरवणाऱ्याला जे कळतं ते कठड्याबाहेरच्या कोणालाही कळणार नाही.

त्यात शर्यतीच्या दिवशी गर्दी, आवाज, ॲड्रेनलिन. सकाळी जपून चालणारा घोडा दुपारी ठणठणीत दिसू शकतो.

रेलिंगलगत

डॉक्टर, हे डोकं खाली-वरचं सोनं आहे. म्हणूनच मी कँटरवर जोर देतो. मोतद्दाराने लगाम सोडल्यावर पहिली काही पावलं बरेच घोडे दुडकीत टाकतात. दुर्बीण तिथे लावायची.

आरबी

फार लिहित नाही, पण रेस हा विषय निघाला म्हणून. मी रायडिंग बॉय होतो. पेपरात घोड्याच्या नावापुढे 'आरबी' लिहितात तो मी. आम्हाला नाव नसायचं, हाहा.

वरून काय कळतं ते सांगतो. एक, तोंड. दुखऱ्या पायाचा घोडा एका बाजूला लगामावर लटकतो, दुसऱ्या बाजूला हलका. दोन, लीड, म्हणजे धावताना कुठला पुढचा पाय पुढे पडतो ते. महालक्ष्मी उजव्या हाताची आहे, म्हणजे वळणं उजवीकडे, वळणावर घोड्याचा उजवा पाय पुढे पाहिजे. सरळीत आला की थकलेला पाय बदलून डावा पुढे घेतो. वळणावर उजवी लीड घेतच नाही, बाहेर बाहेर जातो, किंवा सरळीत पाय बदलतच नाही, तर उतरल्यावर पहिलं ट्रेनरला सांगायचं. हे तुम्हाला स्टँडवरून पण दिसतं, व्हिडिओत तर नक्की दिसतं. जुन्या शर्यती परत लावून बघा. 'जॉकीने चुकीचं आणलं' असं लोक ओरडतात, तेव्हा बऱ्याचदा घोडाच तिकडे पळत असतो.

तीन, चंदी. संध्याकाळची चंदी सकाळी गमेल्यात उरलेली असली की सगळा तबेला गप्प. जोरात गॅलप मारल्यावर एक वेळ सोडली तर चालतं. डर्बीच्या आदल्या आठवड्यात दोन वेळा सोडली तर अवघड आहे. मोतद्दार तोंडाने सांगणार नाही, पण त्याचा चेहरा बघा.

आणि ३९ ईझी वगैरे, आम्हाला कधी कधी सांगितलेलं असायचं की आज घड्याळवाले बघतायत, सोडू नको. कधी उलटं. फॉर्मबुक सर, राग नको.

फॉर्मबुक

राग कसला, हा प्रतिसाद प्रिंट काढून ठेवण्यासारखा आहे. लीडचा मुद्दा मला कागदात कधीच सापडला नसता. एवढंच म्हणतो की व्हिडिओ हाही 'फॉर्म'च आहे, पॅडॉक नाही. म्हणजे अर्धा गुण माझा.

तापीकाठ

आमच्याकडे सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा भरते, घोड्यांचा मोठा बाजार. तिथली घोडा बघायची रीत वेगळीच. आधी भोवरे. गळ्याला देवमण असला की भाव चढतो. पंचकल्याणी (चारही पाय आणि कपाळ पांढरं) असला तर मालक आधीच मिशीला पीळ देतो. मग दात, मग कान, आणि शेवटी रेवाल चाल. पायाला हात लावणारा गिऱ्हाईक विरळा!

पण जाणते म्हातारे काय करतात ते बघितलंय. सौदा चालू असताना ते घोड्याकडे बघतच नाहीत. घोडा उभा असताना कुठला पाय आराम घेतोय तेवढं बघतात. मागचा एक पाय ढिला सोडून उभं राहणं साधारण आहे, घोडे आलटून पालटून करतात. पुढचा पाय पुढे काढून टोकावर ठेवला, आणि सारखा तोच ठेवला, तर म्हातारा न बोलता पुढच्या दावणीला जातो. डर्बीला हे चालेल का ते तुम्ही सांगा.

अश्ववैद्य

चालेल काय, पहिल्या नंबरचं आहे. पुढचा पाय पुढे काढून ठेवणं म्हणजे खुराचं किंवा घोट्याखालचं दुखणं. म्हाताऱ्यांना आमचा नमस्कार सांगा.

वर राहिलेल्या गोष्टी भरभर लिहितो. श्वास: काही घोड्यांच्या घशाची एक बाजू, बहुधा डावी, नीट उघडत नाही, आणि पळताना श्वास आत घेतेवेळी घरघर येते. मोठ्या अंगाच्या घोड्यांत जास्त. चौखूर धावताना घोडा एका झेपेला एकच श्वास घेतो, मधे जास्तीचा घेण्याची सोय नाही. १२०० मीटरला हे निभावतं, २४०० ला उघडं पडतं. 'स्टॅमिना नाही' म्हणून मोडीत काढलेले काही घोडे खरं तर हवेला मोताद असतात.

रक्त: जोराच्या धावेत फुप्फुसातल्या बारीक वाहिन्या फुटणं बऱ्याच घोड्यांत होतं, दुर्बीण घशात घातली तर दिसतं. नाकावाटे बाहेर येणं त्यामानाने थोडं. आलं तर क्लब त्या घोड्याला ठरावीक काळ पळू देत नाही. अमेरिकेत वर्षानुवर्षं शर्यतीच्या दिवशी यासाठी इंजेक्शन चालायचं, आपल्याकडे त्या दिवशी औषधाला मुभा नाही. म्हणून फॉर्ममध्ये मोठी विनाकारण रजा दिसली की कारण शोधा.

घाम: सगळे घामाला घाबरतात, मी न येणाऱ्या घामाला घाबरतो. दमट उष्ण हवेत काही घोड्यांच्या घामाच्या ग्रंथी काम करेनाशा होतात. कातडी कोरडी, खरबरीत, नाकपुड्या फुगलेल्या, श्वास वाढलेला. मुंबई-चेन्नईला हे दिसतं. असा घोडा पॅडॉकमध्ये 'शांत आणि कोरडा' म्हणून लोकांना आवडतो आणि शेवटच्या ४०० मध्ये उभा राहतो.

फिली: दिवस मोठा होऊ लागला की घोड्या माजावर येऊ लागतात, आणि डर्बी नेमकी त्या सुमारास. शेपटी उचलणं, सारखं थांबून लघवी करणं दिसलं तर दीड किलोच्या सुटीचा उपयोग नाही. पण फिलीला कमी लेखू नका. २००९-१० च्या सीझनला जॅकलिनने दोन्ही गिनीज (१००० आणि २०००), ओक्स आणि डर्बी, चारही मारल्या होत्या.

नाना_पुणे

जॅकलिन! काय आठवण काढलीत. ती घोडी बघून बायकोने पहिल्यांदा मान्य केलं की मी रविवारी काही वाईट करत नाही.

सरळमार्गी

माफ करा, पण सगळा धागा वाचून एवढंच वाटलं की जुगाराला शास्त्राचा मुलामा चढवायचं काम चाललंय. मुक्या जनावराचे पाय किती दुखतायत यावर पैसे लावायचे, आणि वर त्याला अभ्यास म्हणायचं.

फॉर्मबुक

जुगाराबद्दल: १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मणन खटल्यात घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे असं म्हटलंय. आता जीएसटीवाले तो कॅसिनोच्या पंगतीत बसवून पूर्ण रकमेवर ४० टक्के घेतात, तेव्हा सरकारलाही कुठल्या बाजूला आहे ते ठरवता आलेलं नाही.

रेलिंगलगत

सरळमार्गी, तुमच्या दुसऱ्या वाक्याचं उत्तर कोर्टाच्या निकालाने होत नाही, हे कबूल. दुखऱ्या पायाचा घोडा पळूच नये, त्याच्यावर पैसे लावायचे की नाही हा नंतरचा प्रश्न. पण बघणारे डोळे जितके जास्त तितकं दुखणं लपवणं कठीण. टाळ्या वाजवून घरी जाणाऱ्या पब्लिकपेक्षा "हा आज आखूड चालतोय" असं मोठ्याने म्हणणारं पब्लिक घोड्याच्या जास्त उपयोगाचं, असं माझं मत.

यारा_नदी

मेलबर्नहून. इथे हाच वाद दरवर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी होतो. २०१८ च्या मेलबर्न कपमध्ये द क्लिफ्सऑफमोहेर गेला, २०२० ला अँथनी व्हॅन डाइक, जो आदल्या वर्षी इंग्लंडमधली एप्समची डर्बी जिंकलेला घोडा. त्यानंतर रेसिंग व्हिक्टोरियाने २०२१ पासून परदेशी घोड्यांच्या पायांचं सीटी स्कॅन सक्तीचं केलं. घोडा उभा असतानाच करतात, भूल न देता.

पण २०२४ ची गोष्ट ऐका. ट्रेनर एडन ओब्रायनचा जान ब्रुगेल कपच्या मोठ्या दावेदारांपैकी एक. स्कॅन बघून इथल्या डॉक्टरांनी त्याला बाद केलं. ओब्रायन जाम चिडला, घोडा ठणठणीत आहे म्हणाला. आणि पुढच्या जूनमध्ये त्याच घोड्याने एप्समला कोरोनेशन कप मारला, कॅलंडागानसारख्या घोड्याला मागे टाकून! आता सांगा, डॉक्टर बरोबर की ट्रेनर?

फॉर्मबुक

म्हणजे डोळा चुकतो, कागद चुकतो, आणि आता मशीनही? :)

अश्ववैद्य

दोघेही बरोबर असू शकतात. हाड जिवंत असतं. जोराच्या कामाने त्यात बारीक चिरा पडतात, शरीर जुनं हाड काढून नवं भरतं. काढून झालं आणि भरायचं राहिलं, त्या मधल्या काळात हाड सगळ्यात कच्चं. शर्यतीत पाय मोडून गेलेल्या घोड्यांचं शवविच्छेदन केलं की बहुतेकांत त्याच जागी आधीची इजा सापडते, हे कॅलिफोर्नियातल्या वर्षानुवर्षांच्या तपासण्यांतून पुढे आलंय. 'अचानक' पाय मोडला म्हणतात, तो क्वचितच अचानक असतो. पण स्कॅनमध्ये दिसलेली प्रत्येक रेघ मोडतेच असंही नाही. सात महिन्यांनी जिंकला यावरून नोव्हेंबरात तो सुरक्षित होता हे सिद्ध होत नाही. मधल्या काळात हाड भरलेलंही असेल. पळवला असता तर काहीच झालं नसतं, हेही शक्य आहे. डॉक्टरने बाद केलेल्या घोड्याबद्दल खरं काय ते कधीच कळत नाही, आणि हा धंदा त्याच तोट्यात करावा लागतो.

यारा_नदी

मान्य. केंटकीला २०२३ मध्ये फोर्टे फेव्हरिट असून डर्बीच्या सकाळी बाद केला, उजव्या पुढच्या पायाला मार होता. तो पुढे बेलमाँटला दुसरा आला. तेव्हाही मालकांच्या बाजूचे लोक हेच म्हणत होते, बघा, उगाच काढला.

आणि २०१४ चा ॲडमायर रक्ती. जपानी घोडा, कपचा फेव्हरिट. शेवटचा आला आणि परतल्यावर स्टॉलमध्ये कोसळला. हृदय. ते ना पायात दिसलं असतं ना सीटीत.

सरळमार्गी

उत्तरं प्रामाणिक आहेत, त्याबद्दल आभार. मत बदललेलं नाही. महालक्ष्मीला असं स्कॅन का होत नाही, हा प्रश्न मात्र तुम्ही लोकांनी विचारायला हवा. मी विचारून काय उपयोग, मी तिकीट काढत नाही.

रेलिंगलगत

हे झोंबलं, आणि बरोबर झोंबलं.

आरबी

एक राहिलं. बाहेरून आलेले घोडे. बंगळुरू, हैदराबाद, कोलकाता. गाडीत डोकं बांधून लांबचा प्रवास, डोकं खाली घालता येत नाही, त्यामुळे छातीत घाण साठते. उतरल्यावर दोन-तीन दिवसांत ताप येतो. म्हणून शहाणे ट्रेनर लवकर आणतात आणि वाटेत थांबून डोकं खाली सोडू देतात. बाहेरचा घोडा कोणत्या दिवशी आला आणि आल्यावर वाळूवर कधी दिसला, हे पेपरातल्या ट्रॅकवर्कमधून जुळवता येतं. आल्यावर चार दिवस नुसता चालवला असेल तर मी लांब राहीन.

सुमेधा_के

इतकं सगळं एका रविवारात कसं बघू? डर्बीत दहा-बारा घोडे असतील. शिवाय रेसबुकात पहिल्यांदा ब्लिंकर्स (डोळ्यांची झापडं) वगैरे लिहिलेलं असतं, ते चांगलं की वाईट? आणि पायाला पट्ट्या बांधलेला घोडा म्हणजे दुखरा का?

रेलिंगलगत

दहा-बारा बघूच नका. घरून निघतानाच फॉर्मबुकच्या पद्धतीने चार काढा, बाकीच्यांकडे ढुंकू नका. त्या चारांचे गिनीजचे आणि त्यानंतरचे व्हिडिओ आधी बघून ठेवा, लीड आणि शेवटचे २०० मीटर. मग पॅडॉकमध्ये प्रत्येकाची एक फेरी बाजूने आणि एक फेरी मागून. उभा केल्यावर तापीकाठ यांच्या म्हाताऱ्यासारखं पायांकडे. जॉकी चढायच्या आत पॅडॉक सोडा आणि कोर्सच्या रेलिंगला या, कँटर चुकवू नका. भाव बघायला कोणाला तरी पाठवा.

पट्ट्यांचं म्हणाल तर काही तबेले सवयीने सगळ्यांनाच बांधतात, काही घोड्यांच्या पायाला पाय लागतो म्हणून. आधी कधी नव्हत्या आणि आज फक्त पुढच्या पायांना आल्या, तर कान टवकारा. ब्लिंकर्स पहिल्यांदा आणि तेही थेट डर्बीला, म्हणजे ट्रेनरला काहीतरी पटत नाहीये. तसाही एखादा जिंकतो, पण मी त्याला माझ्या चारांत घेत नाही.

नाना_पुणे

आणि दुर्बीण घरची न्या. तिथे शेजारच्याकडे मागितली की तो टिपही देतो.